चौदा रकाने

नव्या यंत्रावर जुना प्रोग्राम चढवला
आणि डेटाबेस एकदम सोवळ्यात शिरला.
तारखेत आठ शून्यं दिली, शिवणार नाही म्हणाला.
लांब आडनाव दिलं,
मावत नाही म्हणून दारातूनच परत.

तांतेली शेंगदाणे सोलत म्हणाला,
सेटिंगच्या फाइलीत एक शब्द आहे, नुरुसुआ,
तो खोड, सर्व्हर पुन्हा सुरू कर,
पूर्वीसारखं सगळं मुकाट घेईल.
मी खोडला.
घेतलं.

अंत्सिराबेत जूनची थंडी.
खाली पुसपुसवाले आपापल्याच गाडीत
पाय पोटाशी घेऊन झोपलेले.
सोमवारी प्रसूतिगृहाला काम द्यायचं होतं
आणि ते झालंही होतं,
तरी मी त्यांच्या नोंदींची प्रत उघडून बसले.
सहा हजार बायका. एकही तक्रार नाही.

हे हेरीझूने लिहिलं, नऊ वर्षांपूर्वी.
आता तो रेयुनियोंला असतो.
आडनावाला चौदाच अक्षरं का दिलीस,
फोनवर विचारलं तर हसला,
कागदी फॉर्मवर चौदा रकाने होते, म्हणाला.
आमच्या डोंगराळ मुलखातल्या आडनावांचा
चौदा अक्षरांत जेमतेम उंबरठा ओलांडून होतो.

रझाफिंद्राकुतुनियाइना आली, कळा सोशीत.
तिला रझाफिंद्राकुतु करून आत घेतलं.
लाल ओळ नाही, इशारा नाही,
एका घराण्यातली बाई दुसऱ्या घराण्यात गेली
तीही लग्नाशिवाय.
आणि जे छाटलं त्याच्या टोकाला 'आइना' होतं.
आमच्याकडे आइना म्हणजे जीव.

तुझा जन्म कधीचा, असं विचारलं असणार.
टोळ आले त्यानंतरच्या भातकापणीला,
असं काहीतरी ती म्हणाली असणार,
आमच्या आया तसंच सांगतात.
रकान्यात उमटलं
शून्य साल, शून्य महिना, शून्य दिवस.
माहीत नाही
आणि नाहीच,
यांतलं अंतर त्याने चालवून घेतलं.

तिचा पत्ता होता: नियाइना, तळ्यामागे.
हे गाव मी नकाशावर शोधलं.
मग मानाना शोधलं, नारिवु शोधलं.
अशी एकशे बारा गावं,
एकाचाही रस्ता सापडेना.
चहा निवला तेव्हा लक्षात आलं.
प्रत्येक नोंदीवर एकच सही, रात्रपाळीची दाई, बाकुली.
पडद्यावर नाव तुटताना तिने पाहिलं होतं,
आणि कुणाला काही न विचारता, न सांगता
उरलेली अक्षरं वेचून
पुढच्या रकान्यात ठेवली होती,
सुपातून सांडलेले तांदूळ ठेवावेत तशी.
एकशे बारा वेळा.
तिच्या सुट्टीच्या रात्री किती शेपटं गेली,
ते मोजता येत नाही.

पहाटे मी तो शब्द परत लिहिला.
सर्व्हर उठला, एक्केचाळीस चुका घेऊन उठला,
आणि मला, खोटं कशाला बोलू, रडूच आलं.
मग एकेक धरली.
आडनावाची भिंत मागे सरकवली.
तारखेला रिकामं राहायची मुभा दिली,
शेजारी एक छोटी जागा, 'सुमारे' लिहायला,
तिथे टोळ मावतील, भात मावेल.
सव्वीस झाल्या. पंधरा अजून तशाच आहेत.
तांतेली सोमवारी ओरडेल.

पण हे सगळं माझ्या यंत्रावर.
तिकडे टेकडीखाली जुना सर्व्हर
अजून तसाच भला माणूस आहे,
कुणालाच नाही म्हणत नाही.
सहाला दहा कमी. बाकुलीची पाळी संपत आली असेल,
कुणी तरी शेवटची आली असेल,
आणि चौदाव्या अक्षराशी थांबून
ती पत्त्याच्या रकान्याकडे वळली असेल.